धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायाबद्दल उघड बोलावे, की आधी बाईची पोटगी पदरात पाडून घ्यावी?

सुदामानगर (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार. इंदुरात आमचा आठ-दहा जणांचा एक गट आहे. त्याला नाव नाही, नोंदणी नाही आणि पावतीपुस्तकही नाही. काही निवृत्त शिक्षक, बँकेत नोकरी केलेले दोघे-तिघे आणि काही तरुण मुले-मुली असे आम्ही, ज्यांना सरकारी कचेरीची भीती वाटते अशा लोकांबरोबर तिथे जातो, कागद वाचून समजावतो, समग्र आयडीतली (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखपत्रातली) चुकलेली नावे दुरुस्त करून घेतो आणि कुटुंब न्यायालयातल्या पेशीच्या तारखा त्यांच्यासाठी वहीत मांडून ठेवतो. यापलीकडे आमचा काही दावा नाही.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्याकडे आली. तिचा समाज आणि धर्म मी मुद्दाम लिहीत नाही. नवऱ्याने तिला दोन मुलांसह माहेरी आणून सोडले आणि त्यांच्या समाजातल्या प्रमुख मंडळींनी बैठक घेऊन लग्न मोडल्याचे स्टँपपेपरवर लिहून दिले. तिला कोणी विचारले नाही. तिच्या भावाने हरकत घेतली, तेव्हा त्या घराशी सर्व व्यवहार बंद करण्याचा ठराव झाला आणि समाजाच्या उपासनास्थळी सणावारी येण्याचीही त्यांना मनाई झाली. हे सगळे धर्माला धरूनच आहे, असे तिला सांगण्यात आले. आम्ही तिचा पोटगीचा अर्ज दाखल करवला असून तो चालू आहे.

पेच पुढे आहे. आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने एक जाहीर निवेदन लिहिले आहे. धर्माचा आधार घेऊन घरे वाळीत टाकणे, बाईला न विचारता लग्न मोडणे आणि उपासनास्थळाची दारे बंद करणे यांचा त्यात निषेध आहे. उदाहरण म्हणून हे प्रकरण, नाव न देता पण ओळखू येईल असे, घातले आहे. आम्ही सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात आणि ते हिंदी दैनिकांना पाठवावे, असे त्याचे म्हणणे आहे. एका बाईचा अर्ज भरून होतो तोवर तीच मंडळी दुसरीचा कागद लिहितात आणि आपण मात्र जन्मभर अर्जच भरत बसणार, हा त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांचे उत्तर असे की, निवेदन छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत दुकान उघडायचे आहे ते तिच्या भावाला, आपल्यापैकी कोणाला नाही. तेही खोडता येत नाही.

त्यातच मध्यस्थांमार्फत निरोप आला आहे की, गोष्ट बाहेर गेली नाही तर एकरकमी काहीतरी देऊन प्रकरण मिटवू. आम्ही बोलावे की गप्प राहून काम करावे? ज्यांनी अशा कामात काही वर्षे घालवली आहेत किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


रामबाग (इंदूर)

माझे उत्तर सरळ आहे: निवेदन देऊ नका. आपल्याच शहरातल्या एका बाईचे काय झाले ते आठवून पाहा.

शाहबानो इंदूरच्या. लग्न १९३२ सालचे, आणि १९७५ साली वकील नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इथल्या दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात महिना ५०० रुपये पोटगी मागितली. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मिळू शकणारी कमाल रक्कमच तेवढी होती. तेव्हा त्यांचे वय ६२ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवऱ्याने तलाक दिला आणि मेहेराचे (लग्नात पत्नीला कबूल केलेल्या रकमेचे) ३,००० रुपये न्यायालयात भरून आपली जबाबदारी संपली असे म्हटले. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये मंजूर केले. पंचवीस! जुलै १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी त्याचे अपील फेटाळले.

इथपर्यंत हे एका म्हाताऱ्या बाईच्या पोटगीचे प्रकरण होते. पण निकालपत्रात धर्मग्रंथातल्या वचनांचा अर्थ लावला गेला आणि समान नागरी कायदा अजून झाला नाही याबद्दल खेदही व्यक्त झाला. मग दोन्ही बाजूंनी असे काही रान पेटले की त्यात पोटगीची रक्कम कोणाला आठवेना. एकीकडे धर्म धोक्यात असल्याचे मोर्चे, दुसरीकडे त्या निकालाचा दुसऱ्याच्या धर्माला हिणवण्यासाठी उपयोग. त्या कचाट्यात सापडलेल्या शाहबानोंनी नोव्हेंबर १९८५ मध्ये, ज्या निकालासाठी सात वर्षे झगडल्या तोच निकाल आपल्याला नको, असे जाहीर केले. पुढच्या वर्षी संसदेने मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा केला आणि मिळालेले बरेचसे हातचे गेले असे वाटू लागले.

यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. शाहबानोंच्याच बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेले वकील दानियल लतिफी यांनी या नव्या कायद्याला आव्हान दिले. २००१ साली न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. मात्र त्याचा अर्थ असा लावला की, पतीने इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतर पाळायच्या प्रतीक्षाकाळाच्या, मुदतीत पत्नीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. म्हणजे जे आरडाओरड्यात गेले ते एका वाक्याच्या अर्थावर चिकाटीने युक्तिवाद करून बरेचसे परत मिळवले गेले. जुलै २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चाही मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले.

तुमच्या तरुण सहकाऱ्याला हे सांगा. त्याच्या निवेदनाने बाईचे प्रकरण तिच्या हातून सुटून इतरांच्या हाती जाईल, आणि ते इतर तिला ओळखतही नसतील.


सयाजीबाग (वडोदरा)

रामबागकरांचा मजकूर अभ्यासपूर्ण आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मुकाट्याने केलेल्या सुधारणा कुठपर्यंत पोचतात याचा नमुना आमच्या गावाने पाहिला आहे.

बालविवाहाविरुद्ध बडोदे संस्थानाने १९०४ सालीच कायदा केला आणि १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले. अस्पृश्यांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. तुमचे ज्येष्ठ गृहस्थ ज्याला काम म्हणतात, त्याचा याहून मोठा नमुना त्या काळच्या हिंदुस्थानात शोधूनही सापडणे कठीण. असे असूनही १९१७ साली तेच आंबेडकर परदेशी विद्या घेऊन याच दरबारी नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. कायदा होता, शाळा होती, खुद्द महाराजांचा पाठिंबा होता. परंतु शिवाशिव हा धर्म आहे ही समजूत कोणी भर चौकात मोडून काढली नव्हती, आणि जिथे ती समजूत शाबूत असते तिथे महाराजांचा हुकूमही घरमालकाच्या उंबऱ्याशी थांबतो.

आता महाडकडे या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदाच्या बाजूने काहीच कमी नव्हते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी कोणी अस्पृश्य पिऊ शकला नाही, कारण हक्क मिळाला आहे असे मोठ्याने म्हणत तळ्यापर्यंत चालत जाणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणला. परिषदेला हजारो लोक जमले होते. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब केले आणि २५ डिसेंबरला त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन केले. म्हणजे हक्काचा दावा न्यायालयात शांतपणे चालू ठेवला आणि अन्यायाला धर्म म्हणणाऱ्या ग्रंथाबद्दल मात्र एक शब्दही गिळला नाही. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्वतः ब्राह्मण होते, हेही ध्यानात ठेवावे. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली जिंकला गेला. मधली दहा वर्षे लोकांना धीर दिला तो त्या जाहीर बोलण्याने. निव्वळ दावा असता तर ती महाडमधल्या चार जणांची दिवाणी भांडणतंट्याची बाब राहिली असती.

म्हणून माझे मत असे की, तुमच्या बाईला पोटगी मिळेलही, पण तिच्या समाजातल्या प्रमुखांना आपण काही अनुचित केले असे वाटणारसुद्धा नाही. त्यांना ते वाटायला लावण्याचे काम कोणीतरी केलेच पाहिजे.


पेशीची तारीख (इंदूर, वकील)

इतिहासावर मी बोलणार नाही. तुमच्यापुढे एक चालू प्रकरण आहे, त्यापुरते लिहिते.

पोटगीची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून जुने कलम १२५ गेले. धर्म कोणताही असो, ती लागू होते. ५०० रुपयांची मर्यादा २००१ सालीच काढून टाकली गेली. लग्न मोडल्याचा तो स्टँपपेपर कायद्याने टिकतो की नाही हा वेगळा वाद आहे, आणि तो या अर्जात लढवण्याची तुम्हाला गरज नाही: घटस्फोट झालेला असला तरी जोवर बाईने पुन्हा लग्न केलेले नाही तोवर या कलमापुरती ती पत्नीच धरली जाते. समोरची बाजू तो कागद पुढे करून तुम्हाला भलत्या वादात गुंतवू पाहील. गुंतू नका.

अंतरिम पोटगीचा अर्ज दिला आहे का? नसेल तर आधी तो द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असे कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, पण मागितल्याशिवाय काहीच होत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात असे ठरवून दिले आहे की, दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी. एकरकमी तडजोडीचा निरोप बहुधा याच टप्प्यावर येतो, कारण शपथपत्रात दुकान, शेती, गाडी सगळे लिहावे लागते. त्यामुळे या निरोपाला तुम्ही औदार्य समजू नये, तो हिशेब आहे.

वकिलाचा खर्च हा प्रश्नच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयातच प्राधिकरणाचे कार्यालय आहे.

आता निवेदनाबद्दल. कुटुंब न्यायालयात कोणत्याही एका पक्षाने मागणी केली तरी कामकाज बंद दाराआड चालवावे लागते, इतकी या प्रकरणांची खासगी बाजू कायद्याने जपलेली आहे. ओळखू येईल असे वर्णन छापून ती तुम्ही स्वतःच उघडी करणार का? दुसरे असे की, भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ हे धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने दुखावण्याबद्दल आहे, म्हणजे पूर्वीचे २९५-अ. अमुक तारखेच्या बैठकीत अमुक ठराव करून एका घराला वाळीत टाकले, हे लिहिणे आणि अमुक धर्म बायकांना कस्पटासमान मानतो, हे लिहिणे यांत फरक आहे. पहिल्या वाक्याला पुरावा जोडता येतो. दुसरे वाक्य लिहिणाऱ्याला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या घालाव्या लागू शकतात, आणि त्या काळात त्याच्या हातातल्या इतर प्रकरणांकडे कोण पाहणार?

वाळीत टाकण्याबद्दल महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला, पण तो मध्य प्रदेशात लागू नाही. इथे धमकी, खंडणी, मारहाण अशा कलमांमधूनच वाट काढावी लागते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे खरा, परंतु बहिष्कार घालणारे त्याच समाजातले असतील तर तो कामी येत नाही.


मालेगावची लेक (इंदूर)

मी लग्न होऊन खजराण्यात, म्हणजे इंदूरच्या मुस्लिम वस्तीत आले. शिक्षण मराठी शाळेत झाले म्हणून इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट विचारते. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी त्या बाईचा धर्म लिहिलेला नाही. तरी पहिल्याच उत्तरात शाहबानो आल्या. का? रामबागच्या दादांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, त्यांनी लिहिलेली प्रत्येक तारीख बरोबर आहे. पण धार्मिक अन्याय म्हटले की वाचणाऱ्याचे बोट कुठल्या मोहल्ल्याकडे वळते, हे तुमच्या निवेदनाने आधी हिशेबात धरले पाहिजे. सह्या करणारे सगळे एका धर्माचे आणि उदाहरण दुसऱ्या धर्माचे असे झाले, तर आमच्या भागात ते निवेदन कोणी वाचणारच नाही. नुसत्या सह्या वाचतील. आणि मग ज्या आमच्याच बायका आणि आमचेच काही पुरुष घरात, जमातीत या गोष्टींवर भांडत असतात, त्यांनाच "तुम्ही त्यांच्याकडून बोलता" असे ऐकावे लागेल.

तरीही तुम्ही गप्प राहावे असे मला वाटत नाही. शांततेने सगळे परत मिळाले, हे रामबागच्या दादांचे चित्रही पुरते खरे नाही. १९८६ च्या त्या कायद्याविरुद्ध स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या आणि त्यांत मुस्लिम बायका होत्या. त्याच्या कितीतरी आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. त्या सात जणींना त्यातून काय मिळाले? त्या वर्षी काहीच नाही. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले आणि मंडळाने तलाक झालेल्या बायकांच्या परिषदा घेतल्या, तेव्हा त्या मागणीमागे तक्रारी सांगणाऱ्या खऱ्या बायका उभ्या राहिल्या. तत्क्षणी दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरला तो २०१७ साली, आणि तिथेही अर्जदार बाया मुसलमानच होत्या.

आपल्या इंदुरात बोहरा समाज मोठा आहे. त्यांच्यातल्या सुधारणावाद्यांना जमातीबाहेर टाकतात, त्याला ते बरात म्हणतात. अशा बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द केला, कारण धर्मसंस्थेला आपला कारभार चालवण्याचा हक्क आहे असे मानले गेले. तो निकाल बरोबर की चूक, हा प्रश्न आता मोठ्या घटनापीठाकडे गेला आहे. बोहरा सुधारणावादी असगर अली इंजिनियर यांनी हा बहिष्कार सोसला, हल्ले सोसले, आणि तेच इंजिनियर जातीय दंगली झालेल्या गावांत जाऊन तिथल्या मुसलमानांच्या बाजूने अहवाल लिहीत राहिले. त्यामुळे त्यांचे बोलणे शत्रूचे बोलणे म्हणून पूर्णपणे झटकून टाकता आले नाही. तुमच्या गटाने स्वतःला विचारावे: आमच्या भागातली घरे अडचणीत असतात तेव्हा तुम्ही तिथे दिसता का? दिसत असाल तर आमच्या मौलवींबद्दल खुशाल बोला, मी पहिली सही करीन.

आणि त्या बाईला विचारले का? इतकी उत्तरे झाली. तिला काय हवे आहे हे कोणी लिहिले नाही.


सयाजीबाग (वडोदरा)

ताईंचा शेवटचा प्रश्न मला लागू पडतो आणि तो मान्य आहे. फक्त वकीलबाईंच्या मजकुराला पुरवणी जोडतो, कारण तो वाचून कोणी कायमचे गप्प बसण्याचा संभव आहे.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराचा कायदा झाला तो आपोआप झाला नाही. २०१३ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान सुरू केले. कार्यकर्ते वाळीत टाकलेल्या कुटुंबांबरोबर पोलीस ठाण्यात जात, तक्रार लिहून घेईपर्यंत तिथेच बसत आणि त्याच वेळी गावोगावी परिषदा भरवून पंचांनाही व्यासपीठावर बोलावत. काही पंचायती संवादानंतर स्वतःहून बरखास्त झाल्या. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतरही हे काम थांबले नाही. बोलणारे आणि अर्ज भरणारे तिथे वेगळे नव्हते. जोतीराव फुल्यांचेही तेच. १८४८ साली शाळा, १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह, पुढे घरचा हौद अस्पृश्यांना खुला, आणि ब्राह्मणी धर्मावरचा सर्वांत जळजळीत ग्रंथ त्यानंतर, १८७३ साली. पंचवीस वर्षांच्या कामाने त्यांना तो अधिकार दिला होता, हे खरे. पण काम चालू आहे म्हणून त्यांनी ग्रंथ लिहायचे टाळले नाही.

मध्य प्रदेशात असा कायदा नाही, असे आपण म्हणता. मग तो व्हावा ही मागणी कोण करणार? पोटगीचा अर्ज करून कायदा होत नाही.


सुदामानगर (इंदूर), प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. उत्तरे मी छापून आमच्या बैठकीत वाचून दाखवली.

मालेगावच्या ताईंनी अचूक बोट ठेवले. ती बाई मुसलमान नाही. आमच्यासारखीच हिंदू आहे. राजगढकडच्या एका समाजातली. तिकडे बाईने घर सोडले तर तिच्या माहेरकडून "झगडा" म्हणून पैसे वसूल करण्याची रीत अजून आहे, आणि या प्रकरणातही पंचांनी तिच्या भावाकडे तशी रक्कम मागितली आहे. नवऱ्यानेच टाकलेले असताना. छोड-छुट्टीचा, म्हणजे लग्न मोडल्याचा, कागद समाजाच्या मंदिरातच, देवासमोर शपथ घेऊन लिहिला गेला. मंदिराची मनाई आहे ती याच मंदिराची. धर्म न लिहिता किती जण काय गृहीत धरतात हे पाहण्याचा माझा हेतू नव्हता, तिची ओळख झाकण्याचा होता. पण जे दिसले ते दिसले, आणि बैठकीत त्यावर बराच वेळ शांतता होती.

बाईला आम्ही विचारले. तिचे म्हणणे तिच्याच क्रमाने लिहिते. तिला आधी मुलांच्या शाळेची फी आणि भाड्याच्या खोलीपुरते पैसे दरमहा हवेत, एकरकमी नकोत, कारण एकरकमी पैसे भाऊ झगड्यापायी पंचांना देऊन टाकील अशी तिला खात्री आहे. भावाच्या दुकानाला धक्का लागू नये, हे दुसरे. आणि तिसरी गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती: नवरात्रात त्या मंदिरात ओटी भरायला जाण्याचा हक्क तिला परत हवा आहे. तिला मंदिर सोडायचे नाही, पंचांनी अडवू नये एवढेच तिचे म्हणणे आहे. आमचा तरुण सहकारी यावर जरा गोंधळला, कारण त्याच्या निवेदनात देवळाबद्दल दोन-तीन तिखट वाक्ये होती.

निवेदन रद्द झालेले नाही. ते दुसऱ्यांदा लिहिले जात आहे. त्यातून हे प्रकरण पूर्णपणे काढले आहे आणि धर्माबद्दलची सरसकट विधानेही काढली आहेत. मध्य प्रदेशात महाराष्ट्राच्या धर्तीवर सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा व्हावा, ही मागणी त्यात आहे, आणि सुरुवात आम्ही सह्या करणारे ज्या जातींतले आहोत त्यांच्यापासून केली आहे. दोन सभासदांनी त्यामुळेच सही नाकारली. तीन वर्षे अर्ज भरताना ज्यांच्याबद्दल मला कधी शंका आली नव्हती तेच हे दोघे आहेत. ते अजूनही कचेरीत आमच्याबरोबर येतात, त्यांना येऊ नका असे आम्ही सांगितलेले नाही, आणि सांगायला हवे होते का याबद्दल आमच्यात एकमत नाही. मालेगावच्या ताईंच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे आम्ही त्यांच्या भागात दिसतो का याला, आमचे उत्तर आज तरी "क्वचित" असेच आहे.

निवेदन केव्हा द्यायचे यावर मात्र मतभेद कायम आहे. तरुण सहकारी म्हणतो, नवरात्राच्या आधी. ज्येष्ठ गृहस्थ म्हणतात, अंतरिम पोटगीचा पहिला हप्ता बाईच्या खात्यात जमा झाल्यावर. मी सध्या दुसऱ्या बाजूला आहे.

वकीलबाई, अंतरिम अर्ज दिलेला नव्हता. या आठवड्यात देत आहोत. मध्यस्थांनी तडजोडीचा मसुदा मात्र पाठवला आहे, आणि त्यात "यापुढे कोणतीही मागणी करणार नाही" असे वाक्य आहे.


पेशीची तारीख (इंदूर, वकील)

त्या मसुद्यावर तिचा अंगठा किंवा सही होऊ देऊ नका. पोटगीचा हक्क कायमचा सोडल्याचे असे कागद न्यायालये सहसा मानत नाहीत, पण ते मानत नाहीत हे सिद्ध करण्यातच दोन-तीन वर्षे जातात. तडजोड करायचीच असेल तर ती न्यायालयासमोर, मुलांच्या पोटगीची रक्कम वेगळी दाखवून आणि थेट तिच्या बँक खात्यात दरमहा जमा करण्याच्या अटीवर करावी. झगड्यासाठी भावाला आलेले निरोप फोनवर असतील तर ते पुसू नका. पैसे उकळण्यासाठी धमकी दिल्याची तक्रार त्याला स्वतंत्रपणे करता येईल, मात्र ती करायची की नाही हे त्याने ठरवावे. मसुद्याची प्रत मला दाखवायला आणा.